कसोटी ज्याला माफ झाली



झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम राणी लक्ष्मीबाई उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच नगरीचे आणखी एक नाव जगभर गेले. मेजर ध्यानचंद यांचा जन्म १९०५ साली अलाहाबादेस झाला. वडील लष्करात असल्यामुळे बदल्यांमागून बदल्या झाल्या आणि अखेर कुटुंब झाशीस स्थिरावले. १९७९ साली ध्यानचंदांचे निधन दिल्लीस झाले, तरी अंत्यसंस्कार झाले ते झाशीच्या हिरोज मैदानावर. त्यांच्या चरित्रातील एका लहानशा प्रसंगावरून एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक व्हावयाचे होते. हॉकीचा संघ निवडण्यासाठी आंतरप्रांतीय स्पर्धा भरविण्यात आली. नियम सरळ होता : प्रांताकडून खेळा, गुण दाखवा आणि संघात या. ध्यानचंदांना स्पर्धेसाठी रजा मिळावी, अशी मागणी लष्कराकडे करण्यात आली. ती नाकारली गेली. ते स्पर्धेत उतरू शकले नाहीत, तरीही त्यांची निवड झाली. इतरांना मात्र स्पर्धेतूनच जागा मिळवावयाची होती आणि त्या इतरांत त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग हेही होते. एकाच घरचे दोन भाऊ. एकाला कसोटी माफ, दुसऱ्याला सक्तीची. हा न्याय म्हणावा की पक्षपात?

उत्तर देण्यापूर्वी चार वर्षे मागे जाऊ या. १९२८ साली अशीच स्पर्धा कलकत्त्यास झाली होती. पाच प्रांतांचे संघ आले होते आणि संयुक्त प्रांत विजयी झाला होता. ध्यानचंद त्या स्पर्धेतूनच निवडले गेले आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पाच सामन्यांत १४ गोल केले. म्हणजे त्यांची परीक्षा होऊन गेली होती आणि तिचा निकाल साऱ्या जगाने पाहिला होता. १९३२ ची सवलत ही कोणा वरिष्ठाची मर्जी नव्हती. उघड्या मैदानावर मिळविलेल्या गुणांची ती नोंद होती.

आणि रूपसिंगांचे काय झाले? अमेरिकेविरुद्ध भारताने २४-१ असा विजय मिळविला, त्यात ध्यानचंदांचे ८ गोल होते आणि रूपसिंगांचे १०. कसोटी देऊन आलेला धाकटा भाऊ त्या दिवशी थोरल्याच्या पुढे गेला. मला वाटते, त्या सक्तीच्या कसोटीने रूपसिंगांचे नुकसान तर केले नाहीच, उलट एक मोठे देणे दिले. भावाच्या नावावर आला, असे त्यांच्याविषयी कोणी म्हणू शकले नाही. कसोटी ही केवळ निवडणाऱ्याच्या सोयीसाठी नसते. निवडल्या जाणाऱ्याच्या अब्रूचेही ती रक्षण करते.

हाच प्रश्न आज क्रिकेटमध्ये आपल्यापुढे आहे. २०२५ च्या जानेवारीत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने राष्ट्रीय संघातील खेळाडूंना देशांतर्गत सामने खेळणे बंधनकारक केले. त्याच महिन्यात रोहित शर्मा सुमारे दहा वर्षांनी मुंबईकडून आणि विराट कोहली बारा वर्षांनी दिल्लीकडून रणजी करंडकाचे सामने खेळण्यास उतरले. एवढ्या थोर खेळाडूंना पुन्हा शाळेच्या बाकावर बसविण्याचे काय कारण, असे काहींना वाटले. ध्यानचंदांना जे माफ झाले ते यांना का माफ होऊ नये?

वाचकहो, येथे एक सूक्ष्म भेद आहे. ध्यानचंदांसाठी रजा मागितली गेली होती. त्यांना यावयाचे होते. त्यांना येऊ दिले गेले नाही. येण्याची इच्छा असून येता न येणे वेगळे आणि येण्याची गरजच न वाटणे वेगळे. आजच्या खेळाडूंना वर्षभर विश्रांती नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जेव्हा नामवंत खेळाडू आपल्या प्रांताच्या सामन्यात उतरतो, तेव्हा तो त्याच मैदानावरच्या विशीतल्या मुलाला न बोलता सांगत असतो की, तू खेळतोस ते व्यर्थ नाही.

मग केवळ देशांतर्गत धावा आणि बळी मोजून संघ निवडावा काय? तसे असते तर निवड समिती नकोच. एक हिशेबनीस पुरेल. करुण नायर यांचे उदाहरण घ्या. २०१६ साली चेन्नईच्या कसोटीत त्यांनी नाबाद ३०३ धावा केल्या आणि थोड्याच काळात ते संघाबाहेर गेले. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात विदर्भाकडून त्यांनी ७७९ धावा केल्या, त्याही ३८९.५० च्या सरासरीने. तेव्हा त्यांना पुन्हा बोलावणे आले. परंतु २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींत त्यांच्या २०५ धावा झाल्या आणि जागा पुन्हा गेली. देशातील धावा परदेशातील धावांची हमी देत नाहीत. निवडणाऱ्याने आकड्यांपलीकडे पाहावे लागते, आणि चुकले तर ते कबूलही करावे लागते. १९३६ साली बर्लिनला पोहोचलेला आपला हॉकी संघ सराव सामन्यात जर्मनीकडून ४-१ असा हरला, तेव्हा व्यवस्थापनाने मायदेशी तार करून अली दारा यांना बोलावून घेतले. अंतिम सामन्यात त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला. आपल्या निवडीतील उणीव वेळेवर मान्य करण्यात कमीपणा नसतो.

नायर यांनी ज्या स्पर्धेत या धावा केल्या, तिच्या नावाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. विजय सॅम्युएल हजारे १९१५ साली सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. त्या काळी मुंबईची सर्वांत गाजलेली क्रिकेट स्पर्धा धर्मावर उभी होती : युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे तिचे चार संघ. भारतीय ख्रिस्ती मुलगा कितीही गुणी असो, त्याने खेळावे असा संघच तेथे नव्हता. १९३७ साली ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला तेव्हा कोठे दार किलकिले झाले. १९४३ च्या डिसेंबरात हिंदूंनी ५ बाद ५८१ धावा केल्या, त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. ‘इतर’ संघ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या! बंधू विवेक यांनी २१ धावा करीत एक बाजू राखून धरली आणि दोघांची भागी ३०० ची झाली. सामना एका डावाने गेला, पण तो डाव कोणाला विसरता आला नाही. पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते.

यातून काय घ्यावे? कसोटी न्याय्य आहे की नाही हे ठरविताना केवळ गुण कसे मोजले एवढे पाहून भागत नाही. कसोटीच्या दारातून कोणाकोणाला आत येऊ दिले, हे आधी पाहावे लागते. ज्याला मैदानच मिळाले नाही त्याच्याजवळ दाखविण्यास आकडे नसतात, आणि आकडे नाहीत म्हणून तो पुन्हा डावलला जातो. दार उघडणे हा न्यायाचा पहिला भाग होय.

दुसरा भाग अधिक कठीण आहे. दार उघडे आहे, कसोटी दिली आहे, उत्तमही ठरलो आहोत, आणि तरीही निवड झाली नाही, तर? मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ गडी बाद केले, हरियाणाचे राजिंदर गोयल यांनी ७५०. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. दोघांनाही एकही कसोटी सामना मिळाला नाही, कारण त्याच काळात, त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी संघात होते. यात कोणी अन्याय केला असे ठामपणे म्हणता येत नाही. जागा अकराच असतात.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आरंभी एका निवडीची हकीकत आहे, ती आपण सर्वांनी वाचलेली आहे. रिकाम्या जागेसाठी अट ठरली ती दीर्घ सहवासाची, म्हणजे आजच्या भाषेत पूर्वीच्या कामगिरीची. त्या अटीस दोघे उतरले. चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थिया निवडला गेला. दुसरा, योसेफ बर्सबा, तितकाच पात्र होता. त्याचे नाव तेथे पुन्हा येत नाही. आपण मत्थियाविषयी बोलतो. बर्सबाविषयी आपण कधी क्षणभर थांबतो काय?

निवड न झालेल्या माणसाला जागा देणे नेहमी शक्य नसते, परंतु दोन गोष्टी त्याला देणे सदैव शक्य असते : त्याचा खेळ खरोखर पाहिला गेला याची खात्री, आणि का घेतले नाही याचे प्रामाणिक कारण. स्पर्धा भरविणे म्हणजे खेळाडूला शब्द देणे होय. खेळावयास सांगून त्याच्याकडे पाहिलेच नाही, तर तो शब्द मोडला.

आपल्यापैकी फारच थोडे राष्ट्रीय संघ निवडतील. परंतु शाळेच्या संघात, संस्थेच्या कार्यकारिणीत, नोकरीच्या मुलाखतीत आपण सर्वच कधी ना कधी निवडणारे असतो. पुढच्या वेळी एक नाव यादीत लिहून झाले की लेखणी लगेच खाली ठेवू नका. न लिहिलेल्या नावाच्या माणसाला जाऊन भेटा आणि त्याला कारण सांगा.