तो माणूस राहिला नाही, हे कोणी ठरवायचे?

मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि जिवंतांना चावत सुटतात, अशा सिनेमांची चर्चा साहित्याच्या पानांवर सहसा होत नाही. आमच्या कोलाडात मात्र ती होते. आंबेवाडी नाक्यावर चहा घेताना तरुण पोरांमध्ये २००२ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’चा विषय अजूनही निघतो, आणि एकदा निघाला की प्रत्येकाला मत असते.

पहिले मत खेळ खेळलेल्यांचे. कॅपकॉम या जपानी कंपनीचा मूळ व्हिडिओ गेम १९९६चा. त्यातला तो जुना वाडा, मोजक्या गोळ्या, दार उघडताना होणारी छातीची धडधड सिनेमात नाही; नायिका ॲलिस तर मूळ खेळात नाहीच. म्हणजे दिग्दर्शक पॉल अँडरसनने खेळाशी बेइमानी केली. दुसरे मत असे की, भीती कमी आणि मारामारी जास्त. वडीलधाऱ्यांचे मत एका वाक्यात संपते : असले बघूच नये. या मतांवर भांडायला आम्हाला हरकत नाही. पण आम्हाला अडवते ते एक वेगळेच मत. ते कोणी मांडत नाही, कारण सर्वांनी ते गृहीतच धरले आहे. जोंबीला मारण्यात पाप नाही. का? तर तो आता माणूस राहिलेला नाही.

खेळात हे गृहीत धरावेच लागते. समोरून येणारा काल कोणाचा बाप होता, हे आठवत बसलात तर डाव संपला. सिनेमात मात्र आपल्या हातात बटण नसते, म्हणून विचार करायला सवड मिळते. गोष्ट अशी : अंब्रेला नावाच्या कंपनीच्या भूमिगत प्रयोगशाळेत विषाणू सुटतो. तिथला संगणक, ‘रेड क्वीन’, तो बाहेर जाऊ नये म्हणून सगळी दारे बंद करतो आणि आतल्या शेकडो कर्मचाऱ्यांना मारून टाकतो. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक वसाहतीत पाळीला जाणारी माणसे आमच्या घराघरांत आहेत. हा प्रसंग ती नुसती पळापळ म्हणून पाहू शकत नाहीत. दार बाहेरून बंद होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पुढे रेन नावाच्या शिपाई बाईला जोंबी चावतात. रेड क्वीन सौदा ठेवते : हिला मारा, मग दार उघडते. हिशेब चुकीचा नाही. एक गेली तर बाकीचे वाचतील. पण रेन अजून बोलते आहे, उभी आहे. ॲलिस सौदा नाकारते आणि समोरचा पडदाच फोडते. नंतर रेन निपचित पडते, ॲलिस तिच्यावर पिस्तूल रोखते, आणि रेन डोळे उघडून आपण अजून जिवंत असल्याचे सांगते. आमच्या मते सगळ्या सिनेमाचा जीव या एका क्षणात आहे. कोणाच्याही मतांत त्याचा उल्लेख येत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आपल्याकडे तर मेलेल्यालाही हक्क आहेत. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, दफन हे फर्ज-ए-किफाया; काहींनी केले तर सर्वांची सुटका, कोणीच केले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. मय्यतीला आंघोळ घालताना हात हलका ठेवायचा, उघडे पडू द्यायचे नाही. मृताचे हाड मोडणे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच, अशी शिकवण आहे. म्हणजे श्वास थांबला तरी माणूसपण संपत नाही. मग चावा बसताच ते कसे संपते?

यावर पोरे लगेच म्हणतील, तो अंगावर येतो त्याचे काय? अंगावर येणाऱ्यापासून जीव वाचवण्याची मुभा आहेच. पण ती मुभा हल्ल्यामुळे मिळते, समोरचा माणूस नाही म्हणून नव्हे. हा फरक बारीक वाटतो, पण फार मोठा आहे. हल्ला थांबला की पहिली मुभा संपते. दुसरी कधीच संपत नाही. ती आज चावलेल्याला लागू होते, उद्या चावला असावा असा संशय असलेल्याला, परवा त्याच्या गल्लीला.

हे पडद्यापुरते आहे असे कोणी समजू नये. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करण्याचे परिपत्रक काढले. त्याच दिवशी ते बदलावे लागले. वांद्र्याच्या कब्रस्तानातील दफनाविरुद्धचा अर्ज उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळला. मृतदेहातून हा रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नव्हता. इथवरची गोष्ट आपण एकमेकांना हिरिरीने सांगतो. पण त्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या एका उपनगरात एका मुस्लिम मय्यतीला आपल्याच कब्रस्तानात जागा मिळाली नाही आणि तिचे दहन झाले, ते सांगताना आवाज खाली येतो. भीती सर्वांची सारखीच होती. तिकडे मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाचे कार्यकर्ते तेच मृतदेह उचलत होते. वारस पुढे न आलेल्या हिंदू मृतांनाही त्यांनी स्मशानापर्यंत पोचवले.

मराठीत आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ला आला. डोंबिवलीतला टॉवर आणि शेजारची गरीब वस्ती त्यात समोरासमोर आहेत. तो विनोदी आहे, लोक हसले. पण दूषित पाणी आणि भिंतीपलीकडची माणसे या दोन गोष्टी त्यात आहेत, आणि कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांना दोन्हीची ओळख आहे. हा सिनेमा पाहून आलेल्यांपैकी निदान काहींनी, वस्तीवाल्यांचे काय झाले, असे विचारले. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या बाबतीत आतल्या कर्मचाऱ्यांविषयी आम्हाला असे कोणी विचारलेले नाही.

रेनचे पुढे काय होते? ती शेवटी बदलतेच आणि तिला गोळी घालावी लागते. नाक्यावरची पोरे हाच पुरावा पुढे करतात : रेड क्वीनचे बरोबर होते, उगाच वेळ घालवला. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की मधल्या वेळात तिला उतारा मिळाला होता ना? मिळाला, पण उशिरा, असे ते म्हणतात. आणि तो आधी मिळाला असता तर, यावर चहा थंड होईपर्यंत वाद चालतो.