आणलेल्या वृक्षाचे ऋण

निसर्गातील एखादी वस्तू मनुष्याने उचलून घरी आणली, म्हणजे ती त्याची होते काय? प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. नदीतील वाळू, डोंगरातील दगड, रानातील फळे आपण आणतो आणि ती आपलीच समजतो. परंतु आणलेली वस्तू सजीव असेल, आणणाऱ्याहून वयाने वडील असेल आणि त्याच्या मागेही जगणारी असेल, तर हे उत्तर पुरे पडत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यास, रानातून खणून आणलेल्या आणि वर्षानुवर्षे कुंडीत वाढविलेल्या फुलझाडाचे उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते.

अशा वामन वृक्षांच्या कलेस आज जगभर 'बोन्साय' म्हणतात. शब्द जपानी असून त्याचा अर्थ 'तबकातील रोप' एवढाच आहे. ही कला मूळची चीनमधील. जपानने ती आपलीशी करून परिपूर्णतेस नेली. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर टोकियोतील काही व्यावसायिक माळी शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तेथे त्यांची वसाहत उभी राहिली. ती आजही प्रसिद्ध आहे. डोंगरातून खणून आणलेल्या झाडास जपानी लोक 'यामादोरी' म्हणतात. बियांपासून वाढविलेल्या रोपास जे रूप मिळण्यास माणसाचे आयुष्य अपुरे पडावे, ते अशा झाडास वारा, बर्फ, खडकातील अपुरी माती आणि चरणारी जनावरे यांनी आधीच दिलेले असते. म्हणून त्याचे मोल मोठे.

ब्रिटनमधील डोंगरउतारांवर हॉथॉर्न नावाचे एक काटेरी झाड आढळते. ते गुलाबाच्या कुळातील. वसंताच्या अखेरीस त्यावर पांढऱ्या पाच पाकळ्यांच्या फुलांचे घोस येतात आणि शरदात तांबडी फळे धरतात. मेंढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कुरतडल्यामुळे त्याची काही झाडे गुडघाभरच उंच राहतात. मात्र त्यांचे खोड जाड, पिळलेले आणि ठिकठिकाणी पोकळ झालेले असते. बोन्सायचे उपासक अशाच झाडाच्या शोधात असतात. हिवाळा सरत असता, कळ्या फुटण्यापूर्वी, ते झाड खणतात. जाड मुळे तोडावी लागतात. बारीक तंतुमुळे जपावी लागतात. मग पाण्याचा निचरा होईल अशा भरड मातीत, ऐसपैस लाकडी खोक्यात ते लावतात. त्यानंतरची दोन-तीन वर्षे माळ्याने करावयाचे मुख्य काम म्हणजे काहीही न करणे. पाणी द्यावे, वाऱ्यापासून आडोसा द्यावा आणि वाट पाहावी. या काळात कात्री चालविण्याचा मोह ज्यास आवरत नाही, त्याचे झाड बहुधा मरते.

झाड सावरल्यावर फांद्यांना तारेने वळण देतात. ती तार सालीत रुतण्यापूर्वी वेळेवर काढावी लागते, नाहीतर तिचे व्रण वर्षानुवर्षे राहतात. दोन-तीन वर्षांनी मुळे छाटून माती बदलतात. कुंडी क्रमाने लहान होत जाते. या साऱ्यास दहा वर्षे लागली तर तो काळ फार मोठा मानीत नाहीत.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, या उपचारांनी झाडाची पाने लहान होतात, पण फूल आणि फळ लहान होत नाही. वीतभर उंचीच्या झाडावरही फूल येते ते रानातल्याएवढेच. माणसाचा अधिकार पानापर्यंत पोहोचतो, फुलापर्यंत पोहोचत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हॉथॉर्नची फुले जुन्या लाकडावरील आखूड काड्यांवर येतात. आकार रेखीव राहावा म्हणून जो माळी प्रत्येक नवा कोंब खुडत राहतो, त्याच्या झाडावर या काड्या धरतच नाहीत. त्याचे झाड सुबक दिसते, पण फुलत नाही. फूल हवे असेल तर काही काळ फांद्या मोकळ्या वाढू द्याव्या लागतात आणि झाड वेडेवाकडे दिसले तरी सोसावे लागते. वळण कात्रीने देता येते. फुलण्यासाठी मात्र कात्री ठेवून द्यावी लागते.

आता पूर्वपक्ष मांडू. कोणी म्हणेल, "हे सारे क्रौर्यच नव्हे काय? स्वतंत्र झाडास उपटावयाचे, त्याची मुळे तोडावयाची, त्यास तारांनी बांधावयाचे आणि वर त्यास सेवा म्हणावयाचे!" हा आक्षेप हसून टाळण्याजोगा नाही. बोन्साय उपाशी ठेवून खुजे करतात, ही समजूत मात्र खरी नाही. त्यास खत, पाणी, ऊन ही सारी वेळच्या वेळी द्यावी लागतात, आणि नीट निगा राखल्यास ते दीर्घायुषी होते. रानात मेंढ्याही त्यास कुरतडीतच होत्या, असेही सांगता येईल; परंतु हे उत्तर आम्हांस पटत नाही. मेंढीस विवेक नाही, मनुष्यास आहे. निसर्गात जे घडते ते सर्व करण्याची मुभा मनुष्यास मिळते असे मानले, तर धर्म या शब्दास अर्थच उरत नाही.

तेव्हा उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे. आमच्या मते, झाड आणण्याच्या क्षणी कोणताही अधिकार उत्पन्न होत नाही. उत्पन्न होते ते ऋण. ज्याने झाड उपटले, त्याने त्याची माती, त्याचा पाऊस आणि त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले. यापुढे पाऊस त्यानेच व्हावयाचे आहे आणि मातीही त्यानेच पुरवावयाची आहे. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकले तर रानातले झाड तगेल, कुंडीतले तगणार नाही. हे ऋण एकदा फेडून मोकळे होता येत नाही. ते रोज फेडावे लागते, आणि आपल्यामागे कोण फेडील याची व्यवस्थाही करावी लागते.

जपानमधील 'हाचि नो कि' या प्राचीन नोह नाटकातील कथा येथे आठवते. सानो गेन्झाएमोन नावाचा एक योद्धा दारिद्र्यात पडलेला असतो. पूर्वीच्या अनेक कुंड्यांपैकी उमे, चेरी आणि पाइन अशी तीनच झाडे त्याने जिवापाड जपून ठेवलेली असतात. एका हिमवर्षावाच्या रात्री एक प्रवासी भिक्षू दारी येतो. त्यास ऊब देण्यास घरात सरपण नसते. तेव्हा तो ही तिन्ही झाडे तोडून जाळतो. तो भिक्षू म्हणजे वेषांतर केलेला माजी राज्यप्रतिनिधी होजो तोकियोरी असतो. पुढे तो या योद्ध्यास झाडांच्या नावांशी जुळणारी तीन गावे इनाम देतो.

अतिथिधर्माचे हे उदाहरण आपल्या पुराणांतील कथांच्या पंक्तीस बसेल. तथापि आम्हांस त्यातील एक गोष्ट सलते. त्याग गेन्झाएमोनने केला खरा, पण प्राण झाडांचे गेले, आणि झाडांस कोणी विचारले नव्हते. गावे मिळाली, झाडे परत आली नाहीत. याचा अर्थ त्याने चूक केली असा नव्हे. थंडीने गारठणाऱ्या माणसापुढे त्याने जे केले तेच योग्य होते. परंतु आपल्या हाती सोपविलेला जीव ही आपल्या त्यागाची सामग्री नव्हे, इतके भान त्या प्रसंगीही सुटता कामा नये. स्वतःचे देणे हा त्याग. दुसऱ्याचे देताना मात्र हात कापला पाहिजे.

आपल्या परंपरेस हे भान नवे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी आहे. त्यात झाड तोडण्यापूर्वी त्याची पूजा करून, त्यावर वसणाऱ्या भूतांस अन्यत्र जाण्याची विनंती करण्यास सांगितले आहे. देवाच्या मूर्तीसारखे पवित्र कार्य असतानाही झाड गृहीत धरावयाचे नाही, हा त्यातील आशय. देवस्थानाच्या कारभारातही आपण 'मालक' हा शब्द वापरीत नाही, 'विश्वस्त' म्हणतो. विश्वस्तास वस्तू सांभाळावयाची असते, वाढवावयाची असते आणि पुढील हाती सुपूर्द करावयाची असते. झाडाचे वय माणसाच्या वयाहून मोठे असल्यामुळे कुंडीपुढे उभा असलेला प्रत्येक माळी हा विश्वस्तच होय, मग त्यास ते ठाऊक असो वा नसो.

हाच विचार घरातील मुलांस लावण्याचा मोह वाचकांस होईल. तो मर्यादेनेच लावावा. मूल हे कुंडीत ठेवण्यासाठी नाही. ते जमिनीत रुजून आपल्याहून उंच व्हावे यासाठीच आपण झटतो. तरीही एक धडा घेण्याजोगा आहे. शिस्तीची तार वेळेवर सोडविली नाही तर ती रुतते. आणि आईबापांच्या नजरेतील रेखीव आकारासाठी ज्या मुलाचा प्रत्येक नवा कोंब खुडला जातो, ते मूल आज्ञाधारक होते. फुलतेच असे नाही.

राहता राहिला व्यवहाराचा भाग. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने जमीनधन्याच्या संमतीवाचून कोणतेही रानटी झाड उपटणे हा गुन्हा ठरविला आहे. आपल्याकडेही राखीव वनांतून परवानगीवाचून झाड नेण्यास कायद्याने मनाई आहे. सभासद कुटुंबांपैकी ज्यांस या कलेची आवड असेल, त्यांनी डोंगराकडे न जाता देवळाच्या तटावर वा जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळ-वडाकडे पाहावे. ते रोप भिंत फोडते म्हणून आज ना उद्या काढले जाणारच असते. संबंधितांस विचारून ते हलक्या हाताने सोडवून कुंडीत लावले, तर भिंतही वाचते आणि जीवही वाचतो. फुलझाडच हवे असेल तर रोपवाटिकेतून घ्यावे आणि दहा वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी.

मात्र कुंडी घरात आणण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एवढेच विचारावे : उद्यापासून रोज पाणी घालणारा मी आहे काय, आणि माझ्यामागे कोण आहे? या प्रश्नास ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याने झाड जेथे आहे तेथेच राहू द्यावे. तीही एक सेवाच आहे.