नकार ऐकण्याची तयारी

१९९८च्या ऑक्टोबरअखेर मिच चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर आले आणि तिथेच रेंगाळत दिवसामागून दिवस कोसळत राहिले. एकट्या होंडुरासमध्ये हजारो माणसे दगावली. डोंगरउतारांवरच्या वस्त्या चिखलाबरोबर खाली आल्या. त्यानंतर अमेरिका आणि कॅनडातल्या चर्चमधून स्वयंसेवकांच्या तुकड्या येऊ लागल्या. एकेक तुकडी आठ-दहा दिवस राहायची, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती रचायची, घर कुटुंबाच्या हाती सोपवताना प्रार्थना करायची आणि परतीचे विमान पकडायची. त्याच काळात होंडुरासमधल्या ख्रिस्ती संस्थाही स्थानिक माणसांच्या हातून घरे उभारत होत्या. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने पुढे या दोन प्रकारच्या घरांची तुलना केली. तो स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती, त्या वेळी मिशिगनमधल्या कॅल्विन कॉलेजचा प्राध्यापक आणि अनेक वर्षे होंडुरासमध्येच राहिलेला. त्यामुळे त्याच्या टीकेला धर्मद्वेषाची शंका चिकटत नाही.

२००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार, पाहुण्यांनी बांधलेले एक घर प्रवासखर्चासकट सुमारे ३० हजार डॉलरला पडत होते. स्थानिक संस्था तसेच घर २ हजारांत उभे करत होती. घर कोणी बांधले यावरून त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात फरक पडल्याचे त्याला आढळले नाही. या प्रवासाने आपण बदललो, आता आपण जास्त दान देतो, जास्त प्रार्थना करतो, असे परतलेले स्वयंसेवक सांगत होते. देणग्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर मात्र त्या बदलाचा फारसा मागमूस दिसेना.

या अभ्यासाचा उल्लेख होतो तेव्हा चर्चा बहुतेकदा एका हिशेबावर थांबते: एका घराच्या पैशांत पंधरा घरे झाली असती. हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे. ते ३० हजार डॉलर होंडुरासच्या नावाने कुणी बाजूला काढून ठेवलेले नव्हते. नात जाणार म्हणून आजीने शंभर डॉलर दिले, मंडळीतल्या तरुणांनी गाड्या धुऊन आणि केक विकून काही जमवले, उरलेले ओळखीपाळखीच्यांना पत्रे लिहून मिळाले. नात गेली नसती तर आजीने ते शंभर डॉलर राजधानी तेगुसिगाल्पाच्या एखाद्या संस्थेला पाठवले नसते. म्हणजे या प्रवासांवर निव्वळ उधळपट्टीचा आरोप ठेवला की त्यांच्या बाजूचे लोक सहज सुटतात. खरा प्रश्न पैशांपेक्षा उत्तरदायित्वाचा आहे. हा सारा उद्योग जबाब देतो कुणाला?

उद्योग मोठा आहे. प्रिन्स्टनचा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ याच्या अंदाजानुसार २००५च्या सुमारास अमेरिकेतल्या चर्चचे सुमारे १६ लाख सभासद वर्षाकाठी अशा अल्पमुदतीच्या मिशन प्रवासावर देशाबाहेर जात होते. १९५७मध्ये जॉर्ज व्हर्वर काही विद्यार्थ्यांना घेऊन मेक्सिकोत पुस्तके वाटायला गेला, १९६०मध्ये लॉरेन कनिंगहॅमने ‘यूथ विथ अ मिशन’ काढली. तोवर मिशनरी होणे म्हणजे आयुष्य वाहून टाकणे होते. विमानप्रवास आवाक्यात आला तसे ते सुट्टीत बसवता येऊ लागले.

सुट्टीचे वेळापत्रक कामाचे स्वरूप ठरवते. दहा दिवसांत सुरू होऊन दहा दिवसांतच पुरे झालेले दिसेल असे काम लागते. भिंत रंगवणे त्यात बसते, मुलांसाठी चार दिवसांची बायबल शाळा बसते, आरोग्य शिबिर बसते. जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे विचारणे, म्हणजे त्यांच्याकडे सातबाऱ्याच्या जागी जे काही असेल ते, त्यात बसत नाही. होंडुरासमध्ये ज्यांना ‘ब्रिगाडा’ म्हणतात ती वैद्यकीय शिबिरे पाहा. शाळेच्या पडवीत टेबले मांडली जातात, बायाबापड्या सकाळपासून रांग लावतात, रक्तदाब मोजला जातो, जंतांच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळतात. रक्तदाब वाढलेला निघाला तर काही दिवसांच्या गोळ्या हाती पडतात. त्या संपतात तेव्हा डॉक्टर हजारो मैलांवर आपल्या दवाखान्यात असतो. किती रुग्ण तपासले, हा आकडा त्याच्यापाशी असतो. कितींचा रक्तदाब पुढच्या वर्षी ताब्यात होता, हा नसतो, कारण तो त्याला कुणी विचारणार नसते.

परतल्यावरच्या रविवारी तुकडी मंडळीसमोर उभी राहते. फोटो दाखवले जातात, साक्षी दिल्या जातात, डोळे पाणावतात. त्या पाण्यात ढोंग नसते. मात्र हा अहवाल ज्यांच्याविषयी आहे ते तिथे नसतात आणि ज्यांनी पैसे दिले ते सगळे असतात. मग काम निवडतानाच, नकळत, तो रविवार मनात राहतो. ठोकळे रचणारी मुलगी फोटोत दिसते. तिच्या दुपटीने काम करणारा गावचा गवंडी तिच्याकडे बघत बाजूला बसून राहिला, हे फोटोत येत नाही.

मराठी वाचकाच्या मनात मिशनरी म्हटले की पहिली शंका धर्मांतराची येते. होंडुरासचे उदाहरण मी मुद्दाम घेतले ते यासाठीच. तो देश आधीच ख्रिस्ती आहे, कॅथलिकांच्या बरोबरीने तिथे इव्हँजेलिकल पंथीयही मोठ्या संख्येने आहेत. पाहुणे ज्या गावात सुवार्ता घेऊन जातात तिथला पाळक रोज संध्याकाळी तीच सुवार्ता सांगत असतो, तीही लोकांच्या भाषेत. तेव्हा धर्मांतराचा मुद्दा वगळला तरी या प्रवासात खटकण्याजोगे काही उरते. ते म्हणजे यजमानाला ‘नको’ म्हणता येत नाही.

म्हणता का येत नाही? छप्पर नसलेला माणूस छप्पर नाकारत नाही. पाहुण्यांबरोबर औषधे, वह्या आणि चर्चच्या पत्र्यांसाठी देणगी येणार असते. ती घेऊन येणाऱ्या विशीतल्या मुलांना आमच्याकडे गवंडी आहेत, तुम्ही फक्त सिमेंट पाठवा, असे कोणता पाळक सांगेल? सांगितलेच तर ते दुभाष्यामार्फत जाणार, आणि पुढची तुकडी येण्यावर दुभाष्याचीही रोजी अवलंबून असते. इव्हान इलिच हा कॅथलिक पाद्री १९६८च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर बोलला तेव्हा त्याने याच जागी बोट ठेवले होते. गावकऱ्यांना आपल्याविषयी काय वाटते हे कळण्याइतकी भाषाही ज्यांना येत नाही त्यांनी स्वतःला त्या गावावर लादणे हा अन्याय आहे, असा त्याचा आक्षेप होता. मेक्सिकोत या, पाहा, शिका, डोंगर चढा. मदत करायला मात्र येऊ नका, हे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितले.

गरजेतून आलेला होकार किती पोकळ असू शकतो ते हैतीत २०१०मध्ये दिसले. भूकंपानंतर काही आठवड्यांतच, मुख्यतः आयडाहो राज्यातल्या दहा बाप्टिस्ट स्वयंसेवकांना डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर अटक झाली. त्यांच्याबरोबर ३३ मुले होती. अनाथांना सुरक्षित जागी हलवतो आहोत असे त्यांचे म्हणणे होते. ही मुले अनाथ नव्हती, हे नंतर उघड झाले. उद्ध्वस्त वस्तीतल्या आईबापांनी, मुलांना शाळा आणि पोटभर जेवण मिळेल या आशेने, ती आपणहून सोपवली होती. संमती होती, आणि तरीही जे चालले होते ते भयंकर होते. ढिगाऱ्यावर बसलेल्या आईपुढे दुसरा पर्याय कोणता होता, हे विचारायला त्या घाईत कुणी थांबले नाही.

अमेरिकन मिशनच्या या परंपरेचा एक धागा थेट मुंबईत येतो. अमेरिकेतून परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईत उतरले. नॉट आजारपणामुळे लवकर परतला. हॉल मराठी शिकला, बायबलच्या मराठी भाषांतरात राबला आणि १८२६मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने वारला. या लोकांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. इथल्या देवाधर्मांविषयी त्यांच्या लिखाणात तुच्छता भरपूर आहे. पण राहिल्यामुळे त्यांना एक गोष्ट चुकवता आली नाही: उलट उत्तर. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी जमलेल्या लोकांसमोर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत राहिले. समोर जॉर्ज बोवेन होता. न्यूयॉर्कहून १८४८मध्ये आलेला हा माणूस मिशनचा पगार सोडून साधेपणाने राहिला आणि मायदेशी न परतता १८८८मध्ये मुंबईतच मेला. त्या वादांचा वृत्तांत खुद्द बोवेनने पुस्तकरूपाने छापला. कोण जिंकले हा मुद्दा गौण आहे. यजमान उठून म्हणाला, तुमचे म्हणणे मला मान्य नाही, कारणे ऐका. आणि पाहुण्याला ती ऐकावी लागली. दहा दिवसांच्या प्रवासात असा दिवस उगवतच नाही.

यावरून वाटेल की उपाय सोपा आहे, जास्त दिवस राहा. तोही पुरा नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर मारला गेलेला अमेरिकन तरुण मिशनरी जॉन अॅलन चाऊ फेरफटका मारायला गेलेला नव्हता. त्याने वर्षानुवर्षे तयारी केली होती आणि त्या लोकांत दीर्घकाळ राहण्याचा त्याचा बेत होता. सेंटिनली लोकांचा नकार मात्र स्वच्छ होता. बाणांनी सांगितलेला होता, आणि त्याला तो मृत्यूच्या आधीच मिळाला होता. तो परत गेला आणि पुन्हा आला. म्हणजे किती दिवस राहणार, यापेक्षा ‘नको’ म्हटल्यावर थांबणार का, हा प्रश्न मोलाचा आहे. सेंटिनली लोकांना त्यांचा नकार बजावता आला तो त्यांना आपल्याकडून काहीच नको असल्यामुळे. होंडुरासच्या गावाला औषधे हवी असतात, म्हणून त्याचा नकार हसतमुख आदरातिथ्यात दडून राहतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. यजमानांना इतके दुबळे समजणे हाही अपमानच नव्हे का? अनेक गावांतले पाळक आणि पुढारी या तुकड्यांना छान ओळखून असतात. कोणत्या पाहुण्यांना कोणते काम द्यायचे, देणगी कशी वळवायची, हे त्यांना चांगले जमते. शिवाय इतक्या लांबून कुणी आपल्या दारी आले याचे सुख खोटे नसते. हे सारे मान्य. पण पाहुण्याला न दुखवता आपले काम काढून घ्यावे लागते, यातच कुणाचे पारडे जड आहे ते दिसते. बरोबरीच्या नात्यात अशी चतुराई लागत नाही.

मग जाऊच नये? जावे, पण कशासाठी जातो ते खरे सांगून. पंढरीला जाणारा वारकरी पंढरपूरच्या लोकांचा उद्धार करायला चाललो असे म्हणत नाही. तो स्वतःसाठी जातो आणि तसे सांगायला लाजत नाही. मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही ख्रिस्ती संस्था असे प्रवास शिकण्याचे दौरे म्हणूनच काढते, आणि त्यात प्रामाणिकपणा आहे. ज्यांना मदतच करायची आहे त्यांनी पैसे आणि प्रवास यांची गाठ सोडावी. मदत आधी पोहोचू द्यावी, तीही गाव सांगेल त्या कामासाठी, गावच्या गवंड्याच्या मजुरीसकट. मग विचारावे, आम्ही यावे का? उत्तर ‘नको’ आले तरी पुढच्या वर्षीची मदत थांबणार नाही, हे गावाला आधी ठाऊक असले पाहिजे. आणि परतल्यावरचा अहवाल मंडळीसमोर वाचण्याआधी तो गावात, गावच्या भाषेत वाचला जावा, म्हणजे चुकीचे तिथेच खोडता येईल.

या अटी घातल्या तर १६ लाखांतले बरेच लोक घरी राहतील, देणगीही आटेल, असे म्हटले जाईल. शक्य आहे. पण ‘नको’ ऐकल्यावर जी मदत आटते ती गावासाठी कधीच नव्हती, एवढे तरी त्यामुळे सगळ्यांना कळेल; आणि उरतील ते पाहुणे, गावाने पुन्हा बोलवावे असे.