दार लावतांना

रात्रीं झोंपण्यापूर्वीं घराचें दार लावून घेणें हें शहाणपणाचें कृत्य आहे, याविषयीं कोणी वाद घालणार नाहीं. परंतु जें दार वर्षानुवर्षें उघडेंच होतें तें एके दिवशीं कायमचें लावून टाकतांना, त्या दारानें आजवर कोण कोण येत होतें याची विचारपूस करण्याचें कर्तव्य दार लावणाऱ्यावर येतें कीं नाहीं, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. हा प्रश्न आम्हांस एकाद्या धर्मग्रंथाच्या वाचनानें सुचला नसून एका लहानशा संगणकानें आमच्यापुढें आणून ठेवला, हें ऐकून वाचकांस थोडें हसूं येईल. तथापि प्रसंग घडला तसा सांगतों. त्यावरून निघणारा विचार कितपत खरा आहे हें वाचकांनींच ठरवावें.

रास्पबेरी पाय या नांवाचा एक संगणक आहे. मुलांस संगणकाचें अंतरंग हाताळतां यावें या हेतूनें इंग्लंडांतील केंब्रिज येथील मंडळींनीं तो तयार केला, व २०१२ सालच्या फेब्रुवारीच्या २९ तारखेस तो प्रथम विक्रीस निघाला. त्याचें सर्व अंग तळहातावर राहील एवढ्या एका पाटीवर मावतें. पाटीच्या कडेस धातूच्या चाळीस बारीक पिना उभ्या असतात व त्यांस दिवा, घंटा, बटण असें कांहींही जोडतां येतें.

असा एक संगणक आम्हीं आमच्या काकांसाठीं मांडून दिला होता. काकांचें वय ऐशीच्या पलीकडे गेलेलें; कंपवातामुळें हात स्थिर राहत नाहींत. कळफलकावरील एक कळ दाबूं गेलें तर तीन दाबल्या जातात. वाचनाची भूक मात्र पूर्वींइतकीच. म्हणून तो संगणक आम्हीं घरच्या टेलिव्हिजनला जोडला, आणि जेवणांतल्या वाटीएवढीं दोन बटणें एका फळीवर बसवून त्यांच्या तारा त्या पिनांस जोडल्या. एक बटण 'पुढें', दुसरें 'मागें'. बटण दाबलें कीं आमचा एक छोटासा प्रोग्रॅम जागा होई, आणि समोरच्या खिडकींत पान उलटण्याची कळ कोणीं तरी दाबली आहे असें भासवी. काका तळव्यानें बटण दाबीत आणि पडद्यावरचें पान उलटे. दोन वर्षें त्यांनीं याप्रमाणें वाचन केलें.

यानंतर आम्हांस नव्याची हौस आली. ती काय होती हें सांगण्यापूर्वीं थोडी पूर्वपीठिका दिली पाहिजे. पडद्यावर एका वेळीं अनेक प्रोग्रॅम आपापल्या खिडक्या उघडून बसतात. कोणाची खिडकी कोठें असावी, दाबलेली कळ कोणास पोंचवावी, हें पाहणारा एक कारभारी लागतो. युनिक्स व लिनक्स यांच्या घराण्यांत हें काम दीर्घकाळ 'एक्स' नांवाच्या व्यवस्थेनें केलें. ती १९८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जन्मास आली, व १९८७ सालीं निघालेली तिची अकरावी आवृत्ति आजही वापरांत आहे. एका पडद्यावर नांदणारे सर्व प्रोग्रॅम परस्परांचे विश्वासू आहेत, अशा समजुतीवर ती वाढली. जुन्या वाड्याच्या चौकांत कोण काय बोलतो हें जसें सर्व बिऱ्हाडांस ऐकूं येतें, तसेंच येथेंही होतें. कोणत्याही प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकींत डोकावतां येतें, दुसऱ्यासाठीं दाबलेली कळ ऐकतां येते, आणि न दाबलेली कळ दाबली असें भासवितांही येतें.

क्रिस्तियन हॉग्सबर्ग या गृहस्थांनीं २००८ सालीं 'वेलँड' नांवाची नवी व्यवस्था आरंभिली. हे कोणी परके टीकाकार नव्हते. एक्सच्या कामांतच त्यांचे हात तयार झाले होते. नव्या व्यवस्थेंत प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र भिंत आहे. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी दिसत नाहीं, दुसऱ्याची कळ ऐकूं येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर आपली स्वतःची खिडकी पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यांत आहे हेंही त्यास सहसा कळूं दिलें जात नाहीं. बँकेचा परवलीचा शब्द लिहीत असतां शेजारच्या खिडकींतील लबाडानें तो टिपून घ्यावा, हा धोका यायोगें पुष्कळ टळतो. रास्पबेरी पायच्या चौथ्या व पांचव्या आवृत्तींस ही व्यवस्था २०२३ सालच्या ऑक्टोबरांत मिळाली, व २०२४ सालच्या ऑक्टोबरांत ती सर्वच आवृत्तींस लागू झाली. जुनी व्यवस्था ठेवावी कीं नवी घ्यावी, हें एका यादींतून निवडण्याची सोयही ठेवलेली आहे. आम्हीं एका रविवारीं त्या यादींतून नवी व्यवस्था निवडली. काकांस विचारलें नाहीं. विचारण्यासारखें त्यांत कांहीं आहे, हेंच आमच्या मनांत आलें नाहीं.

चित्र खरोखर सुरेख दिसूं लागलें. खिडकी हलवितांना ती मध्येंच फाटल्यासारखी दिसे, तें बंद झालें. आम्ही कौतुकानें पाहत उभे होतों. काकांनीं बटण दाबलें. पान हललें नाहीं. पुन्हां दाबलें, तरीही नाहीं. मग ते म्हणाले, "अरे, चित्र छान आहे, पण माझें पान कुठें अडकलें?"

चमत्कार असा कीं, कांहीं खिडक्यांत बटण चाले, कांहींत चालत नसे. जुन्या प्रोग्रॅमांसाठीं नव्या घरांतही जुन्या व्यवस्थेची एक खोली राखून ठेवलेली असते. तेवढ्यापुरती आमची युक्ति लागू पडे. पण काकांचें वर्तमानपत्र नेमकें नव्या भिंतींच्या आंत होतें.

प्रथम आम्हांस राग आला. थोड्या वेळानें लक्षांत आलें कीं राग अस्थानीं आहे. आमचा प्रोग्रॅम करीत होता तें काय? न दाबलेली कळ दाबली असें तो सांगत होता. चोरही हेंच करतो. आमचा हेतु शुश्रूषेचा होता हें खरें; पण हेतु मनांत असतो, आणि दारावरच्या पहारेकऱ्यास केवळ कृति दिसते. ज्या दारानें चोर शिरूं शकतो त्याच दारानें आजाऱ्याच्या उशाशीं बसण्यास आलेली शेजारीणही शिरते. आणि काळोखांत दोघांचीं पावलें सारखींच वाजतात. तेव्हां पहारेकऱ्यानें दोघांसही अडविलें, तर त्यास दोष कसा द्यावा?

येथवर सुधारणेचा पक्ष निर्विवाद दिसतो. पण याच ठिकाणीं थांबणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. सुधारणेचा लाभ सर्वांस थोडा थोडा मिळतो. तिची झीज मात्र मोजक्या लोकांस सोसावी लागते, आणि हे मोजके लोक बहुधा दुबळे असतात. अक्षर मोठें करून दाखविणारें साधन, तोंडानें सांगितलेलें दुसऱ्या खिडकींत लिहून देणारें साधन, थरथरणाऱ्या हाताऐवजीं कळ दाबणारें साधन, या सर्वांस दुसऱ्याच्या खिडकीशीं संबंध ठेवावाच लागतो. धडधाकट मनुष्यास उघडें दार ही केवळ एक गैरसोय आहे; परावलंबी मनुष्याचा तो आधार असतो. म्हणून दार लावण्याचा निर्णय ज्यांस त्या दाराची कधीं गरज पडली नाहीं अशांनीं घेतला, तर तो योग्य असूनही अपुरा राहतो.

मग दार उघडेंच ठेवावें काय? तसेंही नाहीं. आम्हांस जो मार्ग सांपडला तो तिसराच होता. संगणक सुरू होतांना तो एक यादी वाचतो. अमुक पिनेस जोडलेलें बटण ही अमुक कळ समजावी, असें त्या यादींत मालकानें लिहून ठेवतां येतें. दर बटणास एक ओळ पुरते. ती ओळ लिहिल्यावर आमचीं बटणें सोंग घेणारीं राहिलीं नाहींत. संगणकाच्या दृष्टीनें त्या खऱ्याच कळा झाल्या. पूर्वीं आम्ही परसदारानें शिरत होतों, आतां नांव सांगून पुढच्या दारानें आलों. पडद्याचें चित्र घेऊं इच्छिणाऱ्या प्रोग्रॅमनें आधीं मालकाची संमति विचारावी, अशीही योजना नव्या व्यवस्थेच्या भोंवतीं तयार झाली आहे. तिचें तत्त्व हेंच. नव्यानें आम्हांस अधिक प्रामाणिक होण्यास भाग पाडलें, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

परंतु त्या दोन ओळी सांपडण्यास आम्हांस तीन दिवस लागले, आणि आमची खरी कबुली या तीन दिवसांविषयीं आहे. त्याच यादींतून जुनी व्यवस्था पुन्हां निवडणें पांच मिनिटांचें काम होतें. तें आम्हीं केलें नाहीं. उद्यां जमेल, उद्यां नक्की जमेल, असें म्हणत राहिलों; कारण मागें फिरणें हा पराभव वाटला. ते तीन दिवस काका कागदी वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसत, आणि पान उलटावयाचें झालें कीं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत. त्यांनीं तक्रार केली नाहीं. पहिल्या रात्रीं त्यांनीं एकदां फळीवरचें बटण दाबून पाहिलें व हात मागें घेतला. तें आम्हीं पाहिलें होतें, आणि तरीही आम्ही आमचाच हट्ट पुरवीत राहिलों.

सुधारकाचा दोष बहुधा त्याच्या ध्येयांत नसतो. मधल्या तीन दिवसांत असतो. नवें चांगलें आहे याची खात्री झाली कीं वाट पाहणाऱ्याचे हाल त्यास क्षुल्लक भासूं लागतात, आणि जुनी वाट तात्पुरती मोकळी ठेवणें म्हणजे तत्त्वाशीं तडजोड वाटते. वास्तविक तीच खरी कसोटी आहे. ज्या मंडळींनीं यादींत दोन्ही व्यवस्था ठेवल्या आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठीं एक खोली राखली, त्यांस हें आमच्यापेक्षां चांगलें कळलें होतें. आणि ज्या घरीं असा खटाटोप करणारा पुतण्या नाहीं, तेथल्या काकांचें काय, हा प्रश्न तर शिल्लक आहेच.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं काकांनीं बटण दाबलें आणि पान उलटलें. त्यांनीं आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. अर्धवट राहिलेली बातमी वाचूं लागले. आम्ही जवळ बसलों, आणि यापुढें कांहीं बदलावयाचें असेल तर आधीं विचारूं, असें त्यांस म्हणालों. काका पडद्यावरची नजर न काढतां म्हणाले, "विचार हो. मी नाहीं म्हणणार नाहीं, पण विचार."