‘काउंट ऑन’ : कोणाची मोजणी, कोणाचा भरवसा?

‘यू कॅन काउंट ऑन मी’ हे इंग्रजी वाक्य आता आपल्याही बोलण्यात रुळले आहे. ‘काउंट’ म्हणजे मोजणे. पण पुढे ‘ऑन’ लागले की अर्थ होतो भरवसा ठेवणे, विसंबून राहणे. आपणही म्हणतोच ना, ‘मला धरून चाला.’ ज्याला निश्चिंतपणे हिशोबात धरता येते, तो भरवशाचा माणूस.

पण असे धरले जाण्याची पात्रता येते कशातून?

चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात पंजाब, हरियाणा, हिमाचल अशा दूरदूरच्या भागांतून रुग्ण येतात. सोबतच्या नातेवाइकांचा पैसा औषधोपचारात संपतो आणि काटकसर होते ती स्वतःच्या जेवणात. अशा लोकांसाठी जगदीशलाल आहुजा यांनी रुग्णालयाबाहेर वर्षानुवर्षे मोफत लंगर चालवला. फाळणीत पेशावर सोडून आलेला हा मुलगा पुढे चंडीगडला केळी विकून सावरला होता. लंगरसाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी मालमत्ता विकली. कर्करोग झाल्यावरही सेवा थांबू दिली नाही. लोक त्यांना ‘लंगर बाबा’ म्हणत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक दिवस अन्न वाटणे हे औदार्य आहे. उद्याही ते मिळेल, अशी उपाशी माणसाला खात्री वाटणे हा भरवसा आहे. या दोहोंमधले अंतर केवळ सातत्याने भरून निघते.

येथे ‘काउंट ऑन’चे मर्म उलगडते. विसंबणारा आपल्याला मोजत असतो. ज्याच्यावर तो विसंबतो, त्याने मात्र आपले श्रम, खर्च आणि मिळालेले आभार मोजणे सोडायचे असते. दोघेही मोजू लागले की उरतो तो व्यवहार.

आता स्वतःकडे पाहूया. सेवेच्या यादीत आपण उत्साहाने नाव देतो आणि आदल्या रात्री ‘जमणार नाही’ असा निरोप धाडतो. आपल्याला त्यात फारसे काही वाटत नाही. पण सकाळी कोणीतरी दोघांचे काम एकटा करत असतो. अडचण खरी असू शकते. म्हणूनच शब्द देण्याआधी थांबावे. वेळीच, स्पष्टपणे दिलेला नकारही भरवशाचाच भाग आहे.

आज रात्री झोपण्यापूर्वी एवढेच आठवून पाहावे : उद्या कोण मला धरून चालले आहे?