तराजू वजन सांगतो, धातू सांगत नाही



दहाव्या शतकात बगदादेत वजीर इब्नुल-फुरात यांच्यासमोर एक वाद रंगला. तर्कपंडित अबू बिश्र मत्ता यांचे म्हणणे असे की, तर्कशास्त्र हा विचारांचा तराजू आहे. चार आणि चार आठ, हे सर्वांना सारखेच. व्याकरणकार अबू सईद सीराफी म्हणाले, तराजू वजन सांगतो; पारड्यात सोने आहे की लोखंड, हे सांगत नाही. मग त्यांनी विचारले, ‘झैद भावांमध्ये सर्वश्रेष्ठ’ आणि ‘झैद त्याच्या भावांमध्ये सर्वश्रेष्ठ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत काय? मत्ता ‘होय’ म्हणाले. सीराफींनी दुसरे अशुद्ध ठरवले, कारण झैदच्या भावांत खुद्द झैद मोजला जात नाही.

आपणांस हा शब्दच्छल वाटेल. परंतु अंबरनाथमध्ये दोन सख्खे भाऊ याच कोड्यापायी दोन वर्षे अबोला धरून होते. थोरल्यांनी कळवले होते, ‘हमने बदलापूर में घर लिया है.’ धाकट्याने अनुमान केले: घर ‘हम’चे, ‘हम’मध्ये मी, म्हणून माझाही वाटा. तो दरमहा पैसे पाठवीत राहिला. थोरल्यांच्या ‘हम’मध्ये केवळ ते व त्यांची पत्नी होती, पैसे त्यांनी घरखर्चाचे मानले. दोघांचाही तर्क निर्दोष होता.

मी मराठीत विचारले, ‘आम्ही घेतले, की आपण घेतले?’ थोरले बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी हिशेबाची वही मागवली.

यावरून मराठीचा गर्व करू नये. अरबीत दोघांसाठी स्वतंत्र द्विवचन आहे, मराठीत नाही. प्रत्येक भाषा काही दाखवते, काही झाकते, आणि आपला विचार बहुधा तिच्याच उजेडात चालतो. मराठी, उर्दू, सिंधी, हिंदी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या उल्हासनगरात हे रोज अनुभवास येते. भाषांची विविधता ही अल्लाहची निशाणी असल्याचे कुरआन सांगते (30:22), आणि मानवाला ज्ञान अल्पच दिले गेल्याचेही (17:85).

म्हणून तर्क टाकू नका. इमाम गझालींनीही ‘अल-मुस्तस्फा’चा आरंभ तर्कशास्त्रानेच केला आहे. मात्र निष्कर्षाआधी शब्दाचा अर्थ विचारा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा (2:282) याच दुर्बलतेवरील दया आहे. आणि ज्या भावाशी आपला अबोला आहे, त्याला आजच विचारा: ‘तुला नेमके काय म्हणायचे होते?’

अल्लाह आपणा सर्वांना समजून घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.