लाच देणाऱ्याची मजबुरी

लाच घेणारा गुन्हेगार आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. प्रश्न देणाऱ्याचा आहे. इतवारीतील व्यापारी असो, मोमीनपुऱ्यातील छोटा कारखानदार असो की बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतलेला तरुण उद्योजक, ‘वजन ठेवल्याशिवाय फाइल हलत नाही’ असे सांगताना तो स्वतःला अत्याचारपीडितच समजतो. ही समजूत कितपत खरी आहे?

सूरह अल-बकराच्या १८८ व्या आयतीत परस्परांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केल्यानंतर, इतरांच्या मालाचा वाटा जाणूनबुजून बळकावण्यासाठी तो अधिकाऱ्यांपुढे नेण्यासही मनाई केली आहे. या दुसऱ्या मनाईचा रोख नेणाऱ्याकडे, म्हणजे देणाऱ्याकडे आहे. तेथील अरबी क्रियापदाचा संबंध भाष्यकार विहिरीत पोहरा सोडण्याशी जोडतात. पोहरा सोडणारा काही गमावत नसतो. तो भरून वर येईल, या हिशेबानेच सोडतो. व्यापारातील लाच बहुधा अशीच असते. वर येणारे पाणी कोणाचे, एवढेच विचारायचे राहून जाते.

आदरणीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी लाच देणारा व घेणारा या दोघांचाही धिक्कार केला. तरीही अनेक धर्मशास्त्रज्ञांनी एक सवलत मान्य केली आहे. स्वतःचा निर्विवाद हक्क अडवला गेला असेल, अन्याय टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल आणि कोणाचेही नुकसान होत नसेल, तर देणाऱ्याची सुटका होते व पाप घेणाऱ्यावर राहते. हबशाच्या भूमीत अडवले गेल्यावर आदरणीय इब्ने मसऊद (रजि.) यांनी दोन दीनार देऊन सुटका करून घेतल्याचे कथन याच संदर्भात सांगितले जाते.

परंतु ही सवलत एक अरुंद दार आहे आणि आपण त्यातून मालाने भरलेला ट्रक नेऊ पाहतो. सर्व कागद पूर्ण असूनही रोखलेला दुकानाचा परवाना ही एक गोष्ट. एकाच भूखंडासाठी दोन अर्ज असताना आपला वर काढून घेणे ही अगदी वेगळी. तेथे दुसऱ्याची पाळी विकत घेतली जाते. अग्निसुरक्षेची तपासणी न होताच प्रमाणपत्र मिळवले, तर आत काम करणाऱ्या मजुराचा जीव तारण ठेवला जातो. या दोन्ही व्यवहारांना आपण ‘मजबुरी’च म्हणतो.

मोठ्या व्यवहारात हे अधिक स्पष्ट दिसते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. भंडारा, चंद्रपूर व नागपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजावी, हा उद्देश. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. ही सारी वाढ भ्रष्टाचाराची नव्हे. महागाई, पुनर्वसन, वाढलेले काम हेही तीत आहे. मात्र निविदांची किंमत गैरमार्गाने फुगवली, अपात्र ठेकेदारांना पात्र ठरवले, असे आरोप झाले. जनमंच या नागपूरच्या संघटनेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हेही नोंदवले. कोण दोषी, हे न्यायालयाने ठरवायचे. पण निविदा कामाच्या बळावर न मिळता टक्केवारीवर मिळू लागली, तर पोहरा कोणाच्या विहिरीत उतरतो, हे कालव्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

उद्योगाचेही यात भले नाही. दिलेली रक्कम मालाच्या किमतीत तरी मिसळते, नाहीतर सिमेंट-लोखंडातून कापली जाते. मोठी कंपनी ती सहज पचवते. चार कारागिरांच्या कारखान्याचा महिन्याचा नफा तीत जातो. चोख काम करणारा एकदोनदा निविदा हरतो आणि तिसऱ्यांदा भरतच नाही. मग स्पर्धा कारागिरीची न राहता ओळखीची होते, आणि मुलगा बापाकडून धंदा शिकतो तो कोणाला केव्हा भेटावे एवढाच.

भेटवस्तूंचेही तसेच. जकात गोळा करून परतलेल्या एका अधिकाऱ्याने ‘हे तुमचे, हे मला भेट मिळालेले’ असे म्हटले, तेव्हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याला मिळाली असती काय, असे प्रेषितांनी (सल्ल.) विचारले होते. दिवाळीला आणि ईदला साहेबांच्या घरी जाणाऱ्या खोक्यांना हा प्रश्न लावून पाहावा. पदावरून उतरलेल्या साहेबांकडे ती खोकी जाताना सहसा दिसत नाहीत.

‘दुसरा मार्ग नव्हता’ ही अट आता पूर्वीइतकी सहज पूर्ण होत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे. न मिळाल्यास अपील करता येते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणेही स्वतंत्र गुन्हा ठरले. ज्याला भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांत तक्रार दिली तर तो दोषातून वगळला जातो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची १०६४ ही हेल्पलाइन आहे. तक्रारीनंतर पुढची दहा वर्षे त्याच कार्यालयात जायचे असते, ही भीती खोटी नाही; एकट्या दुकानदाराला ती भेडसावते. म्हणूनच हे काम व्यापारी संघटनांनी आणि मशिदींच्या समित्यांनी मिळून अंगावर घ्यायला हवे. अर्ज लिहून देणे, अपिलाच्या तारखेला सोबत जाणे, एवढे तरी त्यांना सहज जमेल.

तोवर आपल्या खातेवहीत ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली काय काय लिहिले आहे, ते जकातीचा हिशेब करताना एकदा वेगळे काढून पाहावे. प्रत्येक रकमेपुढे लिहावे: यात हक्क माझा होता की दुसऱ्याचा?